दिवसाला पन्नास प्रवासीही नसताना तादामी रेल्वेमार्ग पुन्हा का उभारला गेला?

प्रवासी मिळत नाहीत म्हणून जपानमधील ग्रामीण रेल्वेमार्ग एकामागून एक बंद होत असताना, पुराने तोडलेला तादामी मार्ग अकरा वर्षांनी पुन्हा सुरू करण्यामागे कोणता हिशेब होता आणि आज त्यावर गाड्या कशा धावतात, असे आपण विचारले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी हा मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडीत बसून पाहिला, आणि त्याच्या आगेमागे त्याविषयी पुष्कळ वाचलेही. माझे मत असे झाले आहे की, तिकिटांच्या उत्पन्नावर हा मार्ग उभाही राहिला नाही आणि टिकलाही नाही. त्याचा मधला भाग धरणासाठी बांधला गेला, पुढे सगळा मार्ग बर्फामुळे वाचला, आणि शेवटी रस्त्याचा खर्च जसा सरकार उचलते तसा रुळांचा खर्च प्रांताने उचलला म्हणून तो परत आला.

प्रथम भूगोल सांगतो, कारण त्यावाचून पुढचे काही उलगडणार नाही. फुकुशिमा प्रांताच्या पश्चिम भागातील आइझु-वाकामात्सु या जुन्या किल्ल्याच्या शहरापासून नीगाता प्रांतातील कोइदेपर्यंत हा मार्ग १३५.२ किलोमीटर धावतो. तो एकेरी आहे, त्याचे विद्युतीकरण झालेले नाही आणि त्यावर आज ३६ स्थानके आहेत. फुकुशिमा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकाठचे अणुवीज केंद्र येते. परंतु आइझु हा त्या प्रांताचा डोंगराळ भाग आहे, आणि समुद्रकिनाऱ्यापासून तो बराच आत आहे. आइझुच्या सपाट भातखाचरांतून निघालेली गाडी तासाभरात तादामी नदीच्या अरुंद खोऱ्यात शिरते, नदीला पुन्हा पुन्हा ओलांडत वर चढते आणि शेवटी प्रांतांच्या सीमेवरील डोंगर एका लांब बोगद्याने पार करून नीगाताच्या बाजूला उतरते.

मार्ग तुकड्यातुकड्याने बांधला गेला. १९२६ मध्ये आइझु-वाकामात्सु ते आइझु-बांगे, १९२८ मध्ये आइझु-यानाइझु आणि १९४१ मध्ये आइझु-मियाशिता असे टप्पे पूर्वेकडून पडले. छायाचित्रांत सर्वत्र दिसणारा, हिरव्या पाण्यावर पोलादी कमान टाकणारा तादामी नदीवरील पहिला पूल या १९४१ च्या टप्प्यातला आहे. पश्चिमेकडून कोइदे ते ओशिराकावा हा तुकडा १९४२ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, सुरू झाला. त्यानंतर दोन्ही टोके बरीच वर्षे एकमेकांपासून तुटलेलीच राहिली. पूर्वेकडच्या भागाला आइझु मार्ग म्हणत आणि पश्चिमेकडच्या भागाला तादामी मार्ग, आणि गंमत अशी की तादामी नाव लागलेल्या रुळांवरून त्या काळी तादामी गावाला जाताच येत नव्हते.

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मधल्या तुकड्यात आहे. युद्धानंतर जपानमध्ये विजेची तीव्र टंचाई होती. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांसाठी १९५२ मध्ये देंगेन काइहात्सु ही वीजविकास कंपनी स्थापन झाली. हिवाळ्यात काही मीटर बर्फ साचणाऱ्या डोंगरांतून येणारी आणि वेगाने उतरणारी तादामी नदी या कामासाठी आदर्शच होती. तागोकुरा येथे मोठे धरण बांधायचे ठरले, तेव्हा त्यासाठी लागणारे सिमेंट आणि यंत्रसामग्री तिथवर नेणार कशी, हा पहिला प्रश्न होता. राष्ट्रीय रेल्वेने १९५६ मध्ये आइझु-कावागुचीपर्यंत रूळ नेले. त्यापुढे धरणापर्यंतचा मार्ग वीज कंपनीने स्वतःसाठी बांधला आणि तो १९५७ मध्ये वापरात आला. तागोकुराची वीजनिर्मिती १९५९ मध्ये सुरू झाली. जलाशयाखाली तागोकुरा हे मूळ गाव बुडाले, वीज दूरच्या शहरांकडे गेली, आणि बांधकामाचे रूळ मागे उरले. त्यांतील आइझु-कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा भाग १९६३ मध्ये राष्ट्रीय रेल्वेत सामील होऊन प्रवाशांसाठी खुला झाला. हा २७.६ किलोमीटरचा आकडा कृपया लक्षात ठेवावा. अठ्ठेचाळीस वर्षांनी पुराने जो भाग तोडला, तो नेमका हाच होता.

उरलेला दुवा १९७१ च्या ऑगस्टमध्ये जोडला गेला. तादामी ते ओशिराकावा या २०.८ किलोमीटरच्या अंतरात रोकुजूरीगोए नावाची खिंड आहे. या नावाचा शब्दशः अर्थ ‘साठ री ओलांडणे’ असा होतो. री हे अंतराचे जुने जपानी माप आहे. वाट खरी सहाच री, पण इतकी बिकट की चालणाऱ्याला ती साठ री वाटते, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. त्या खिंडीखालून ६,३५९ मीटर लांबीचा बोगदा खणल्यावर दोन्ही प्रांत रेल्वेने जोडले गेले आणि संपूर्ण मार्गाला तादामी हे नाव मिळाले.

मात्र मार्ग पूर्ण झाला तेव्हा त्याचा काळ उलटत चालला होता. धरणांची मोठी कामे संपली होती, तरुण शहरांकडे जात होते आणि घरोघरी मोटारी येत होत्या. राष्ट्रीय रेल्वे कर्जात बुडाल्यावर १९८० मध्ये तिच्या पुनर्रचनेचा कायदा झाला, आणि ज्या मार्गांची वाहतूक घनता, म्हणजे दर किलोमीटरवरून दिवसाला जाणाऱ्या प्रवाशांची सरासरी, ४,००० पेक्षा कमी होती, ते मार्ग बंद करून तेथे बस चालवावी किंवा ते दुसऱ्या संस्थेकडे सोपवावेत, असे ठरले. या कायद्याखाली ८३ मार्ग निवडले गेले. तादामीचे आकडे त्या मर्यादेच्या खूपच खाली असूनही तो त्या यादीत गेला नाही, कारण कायद्यात अपवाद होते. समांतर रस्ता बर्फामुळे वर्षातून दहापेक्षा अधिक दिवस बंद राहत असेल, तर मार्ग काढता येणार नाही, हा त्यांपैकी एक होता. रोकुजूरीगोए खिंडीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २५२ हा दहा दिवस कसला, संपूर्ण हिवाळाभर बंद असतो आणि वसंत ऋतू बराच पुढे सरकल्यावरच उघडतो. ज्या बर्फाने या खोऱ्यातील जगणे अवघड केले, त्याच बर्फाने त्याची रेल्वे राखली. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन झाले तेव्हा हा मार्ग जेआर पूर्व या कंपनीकडे आला.

आता पुराकडे वळतो. २०११ च्या मार्चमधील भूकंप व त्सुनामी सर्वांना ठाऊक आहेत. त्याच वर्षीच्या जुलैअखेरीस नीगाता आणि फुकुशिमा प्रांतांच्या सीमेवर झालेली अतिवृष्टी मात्र बाहेर फारशी कोणाला आठवत नाही. तादामी येथे चार दिवसांत सातशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. सह्याद्रीचा पावसाळा पाहिलेल्यांना हा आकडा कदाचित मोठा वाटणार नाही, पण त्या खोऱ्याला अशा पावसाची सवय नाही आणि नदीला पसरायला जागाही नाही. पाचवा, सहावा आणि सातवा पूल पूर्णतः किंवा अंशतः वाहून गेला, आणि इतरत्र भराव खचले. मार्गाचे बाकीचे तुकडे टप्प्याटप्प्याने सुरू झाले. आइझु-मियाशिता ते आइझु-कावागुची हा भाग त्याच डिसेंबरात आणि तादामी ते ओशिराकावा हा भाग २०१२ च्या ऑक्टोबरात खुला झाला. मधल्या २७.६ किलोमीटरवर मात्र रेल्वेऐवजी बस धावू लागली.

या ठिकाणी कंपनीची बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुराच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, या भागाची वाहतूक घनता दिवसाला ४९ होती. त्याचा अर्थ असा की, दोन्ही दिशांचे प्रवासी मिळून या भागातील कोणत्याही किलोमीटरवरून दिवसाकाठी सरासरी ४९ माणसे जात होती. तेवढी माणसे एका बसमध्ये मावतात, आणि बस तर चालूच होती. तेव्हा बसच कायम करावी, असा कंपनीचा प्रस्ताव होता, आणि निव्वळ हिशेब पाहता तो चुकीचा म्हणता येत नाही. सरकारी मदतीचीही अडचण होती, कारण तोट्यातील रेल्वे कंपन्यांना पूरहानीसाठी अनुदान देण्याची तरतूद तेव्हाच्या कायद्यात असली, तरी जेआर पूर्वसारख्या नफ्यातील कंपनीला ते मिळत नसे.

कोंडी फुटली ती ‘जोगे-बुन्री’ या व्यवस्थेमुळे. या जपानी शब्दाचा अर्थ ‘वरचे आणि खालचे वेगळे करणे’ असा आहे. खालचे म्हणजे जमीन, रूळ, पूल, बोगदे. वरचे म्हणजे गाड्या, चालक, वेळापत्रक. २०१७ च्या जूनमध्ये फुकुशिमा प्रांत आणि कंपनी यांच्यात करार झाला. आइझु-कावागुची ते तादामी या भागातील रूळ आणि पूल दुरुस्तीनंतर प्रांताच्या मालकीचे होतील, त्यांची देखभाल प्रांत आणि आइझु भागातील १७ नगरे व गावे मिळून करतील, आणि जेआर पूर्व त्यावर केवळ गाड्या चालवील, असे त्यात ठरले. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन नफ्यातील कंपनीच्या मार्गालाही काही अटींवर केंद्र सरकारची मदत मिळू लागली, आणि सुमारे ९०० कोटी येनचा दुरुस्तीखर्च केंद्र, स्थानिक शासन आणि कंपनी या तिघांत विभागला गेला. सहाव्या आणि सातव्या पुलाची रचना बदलण्यात आली. जुन्या पुलांत पोलादी सांगाडा रुळांच्या खाली होता; नव्यांत तो वर आहे, म्हणजे पुराच्या पाण्याला खाली अधिक मोकळी जागा मिळते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी संपूर्ण मार्गावर पुन्हा गाडी धावली.

४९ माणसांसाठी एवढे का, हा आपला मूळ प्रश्न येथे उरतोच. मला पटलेले उत्तर असे आहे की, प्रांताने तो आकडा पाहिला, पण निर्णय त्यावर घेतला नाही. खोऱ्यातील नगरांची लोकसंख्या घटते आहे, उरलेल्यांत वृद्ध पुष्कळ आहेत, आणि रेल्वेच्या नकाशावरून एकदा पुसलेले नाव पुन्हा लिहिले जात नाही, याची उदाहरणे जपानभर आहेत. त्यातच पहिल्या पुलाची छायाचित्रे परदेशात पोहोचली. धुक्यात तरंगल्यासारखी दिसणारी दोन डब्यांची गाडी पाहण्यासाठी विशेषतः तैवानहून पर्यटक येऊ लागले आणि मिशिमा या छोट्या नगरात टेकडीवरील छायाचित्रणाच्या जागांपर्यंत पायऱ्या बांधल्या गेल्या. यातील पुष्कळ लोक मोटारीने येऊन गाडीचे छायाचित्र काढतात आणि गाडीत न बसताच परत जातात, ही टीका मी ऐकली आहे आणि ती खरीही आहे. पण ते राहतात त्या खानावळी-निवासांना आणि दुकानांना त्याने फरक पडत नाही. रेल्वेचा लाभ तिकिटाच्या खिडकीबाहेर मोजायचा, असे एकदा ठरवल्यावर हिशेब वेगळा होतो. तो दीर्घकाळ परवडेल की नाही, याबद्दल मी साशंक आहे, कारण दर वर्षीचा देखभाल खर्च लहान नगरांच्या माथी कायमचा बसला आहे.

आता सेवांविषयी. संपूर्ण मार्गावर दररोज प्रत्येक दिशेने फक्त तीन गाड्या धावतात. आइझु-वाकामात्सुहून पहिली सकाळी सहाच्या सुमारास, दुसरी दुपारी एकच्या सुमारास आणि तिसरी सायंकाळी पाचच्या सुमारास सुटते. कोइदेहून पहिली पहाटे साडेपाचनंतर, दुसरी दुपारी एक वाजून गेल्यावर आणि तिसरी चारनंतर निघते. जपानमधील वेळापत्रके मार्चमध्ये बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी वेळा पुन्हा पाहाव्यात. पूर्ण प्रवासाला चार तासांहून अधिक वेळ लागतो. एक गाडी चुकली तर पुढचीसाठी काही तास थांबावे लागते, आणि शेवटची चुकली तर मुक्कामच पडतो. आइझु-वाकामात्सु ते आइझु-कावागुची या भागात मात्र शाळकरी मुलांमुळे गाड्या थोड्या अधिक आहेत. २०२० पासून या मार्गावर किहा ई१२० प्रकारचे डिझेल डबे आले आहेत; त्याआधीचे जुने किहा ४० डबे अनेकांच्या आठवणीत आहेत, पण बसायला नवे अधिक बरे. मधला भाग प्रांताच्या मालकीचा असला, तरी तिकीट एकच आहे आणि जेआरचा पासही चालतो.

तोक्योहून यायचे तर शिनकानसेनने कोरियामा आणि तेथून बानएत्सु-पश्चिम मार्गाने आइझु-वाकामात्सु गाठावे. सकाळची गाडी हवी असेल, तर आदल्या रात्री तेथेच मुक्काम करावा लागतो. दुसऱ्या टोकाला कोइदेपासून शिनकानसेनचे उरासा स्थानक जवळ आहे, त्यामुळे आल्या वाटेने परतण्याची गरज नाही. वाटेत उतरायचे असेल तर मी यानाइझु सुचवीन. तेथील कड्यावरचे एन्झोजी देवालय, मान डोलावणाऱ्या लाल बैलाच्या खेळण्याची दंतकथा आणि वऱ्याच्या जातीच्या धान्याचे वाफवलेले गोड उंडे यांत दोन गाड्यांमधला वेळ सहज जातो. ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी पानगळीचे रंग पाहण्यासाठी इतकी गर्दी होते की, दोन डब्यांत उभे राहून चार तास काढावे लागतात. मीही तादामीपर्यंत उभाच होतो. त्या गर्दीतही खाली शेतात काम करणारी माणसे गाडी दिसताच हात हलवताना दिसत होती. खोऱ्यातील एका नगराने तर गाडीला सर्वांनी हात हलवावा, अशा आशयाचा स्थानिक नियमच केला आहे.

तादामीनंतर गर्दी ओसरते. पुढच्या ओशिराकावापर्यंत अर्धा तास एकही स्थानक लागत नाही. पूर्वी मध्ये तागोकुरा नावाचे एक स्थानक होते, परंतु तेथे चढणारे-उतरणारे जवळजवळ कोणीच उरले नसल्यामुळे ते २०१३ मध्ये कायमचे बंद झाले. जलाशय क्षणभर दिसतो आणि गाडी बोगद्यात शिरते. फेब्रुवारीत जाणार असाल, तर डोंगरावरचा रस्ता तेव्हा बर्फाखाली असतो आणि या दोन गावांमध्ये थेट ये-जा करण्यासाठी हीच गाडी असते; जोरदार हिमवर्षावात मात्र तीही काही दिवस थांबते, म्हणून परतीचे विमान दुसऱ्याच दिवशीचे ठेवू नये.