तीन आठवड्यांच्या कॉकाटिलच्या पिल्लाचं खाणं गळ्याखालीच साचून राहतंय, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू कोपरखैरण्याच्या घरी एसीच्या खोलीत खोक्यात असतं, तुम्ही त्याला लहान बाळांचं दुधाचं सिरिअल सिरिंजने भरवता आणि सकाळचं खाणं दुपारीही गळ्याखालच्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये, तसंच असतं. आधी भरवणं थांबवा आणि त्याला ऊब द्या. अंग गार पडलं की पचन मंदावतं, साचलेलं आंबतं, आणि त्यावर नवं ओतलं की तेही आंबतं.

खोकं एसीतून बाहेर काढा. पिसांच्या काड्या फुटत असतात त्या वयात आत 28 ते 30 अंश हवेत. बल्ब एका टोकाला वरून लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा, म्हणजे पिल्लू स्वतः सरकून जागा निवडतं. चोच उघडून धापा टाकत असेल तर उकडतंय. तळाला नुसतं वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय घसरून फाकतात. टिश्यूचे जाड थर बरे. आठ तासांत पिशवी उतरली नाही किंवा चोचीला आंबूस वास आला, तर त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. पिशवी दाबून उलटी मात्र कधीच काढू नका, ती श्वासनळीत जाते.

पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. पेट शॉपमध्ये हँडफीडिंग पावडर मिळते, तीच द्या. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात उघडं पाकीट लवकर बिघडतं, म्हणून हवाबंद डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा.

पावडर पाकिटावरच्या मापाने उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवा. चमच्यावरून कस्टर्डसारखी संथ पडली पाहिजे. भरवताना ती 39 ते 41 अंश असावी आणि हे थर्मामीटरनेच बघा, मनगटावर थेंब टाकून नेमकं कळत नाही. थंड झाली तर पिशवी सुस्तावते, 43 च्या वर गेली तर आतून भाजते. मायक्रोवेव्हमध्ये मधेच कढत गोळे राहतात, तो नकोच. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की पुरतं.

प्रमाण वजनाच्या दहा टक्के: 70 ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी 7 मिली, दिवसातून चारदा, आणि तेही आधीचं उतरल्यावरच. भरलेली पिशवी बोटाला पाण्याच्या मऊ फुग्यासारखी लागते. ताणून टणक झाली तर जास्त झालंय.

पिल्लाला उताणं धरू नका, टॉवेलवर सरळ बसवा. सिरिंज त्याच्या डाव्या बाजूने चोचीत घालून उजवीकडे रोखा, कारण अन्ननलिका उजवीकडे उतरते. ते मान वरखाली हलवत गिळत असेल तेव्हाच दाबा. मान थांबली की तुम्हीही थांबा. नाकातून बुडबुडे आले तर लगेच थांबून डोकं किंचित खाली करा. त्यानंतर श्वासाला टकटक किंवा घरघर ऐकू आली, तर ते न्यूमोनियाचं लक्षण समजून डॉक्टर गाठा.

उरलेली पेज टाकून द्या, सिरिंज दर वेळी गरम पाण्याने धुवा.

पाचव्या आठवड्यापासून राळ्याची कणसं समोर ठेवा, पण स्वतः खायला लागेपर्यंत, साधारण आठ ते दहा आठवडे, भरवणं एकदम तोडू नका. रोज सकाळी पहिल्या भरवणीआधी किचन काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन आठवड्यांच्या वयात ते वाढायलाच हवं. सलग दोन दिवस घटलं तर वाट बघू नका.