बाबांच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी मायक्रोआरएनए तपासणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या स्वादुपिंडात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) निघाला, यकृतातही गाठी आहेत आणि कुणीतरी मायक्रोआरएनएची महागडी रक्ततपासणी सुचवली आहे. मी इथे नागपुरातच पॅथॉलॉजीत काम करते. माझं स्पष्ट मत: सध्या त्यावर पैसे घालू नका.

विषय मात्र खरा आहे, थोतांड नाही. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम 22 अक्षरांचा आरएनएचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो दुसऱ्या जनुकांच्या संदेशाला चिकटतो आणि त्यांचं प्रथिन बनणं कमी करतो. पहिला 1993 मध्ये एका बारीकशा कृमीत सापडला आणि 2024 चं नोबेल अ‍ॅम्ब्रोस व रव्हकुन यांना त्याच शोधासाठी मिळालं. एकेक तुकडा कितीतरी जनुकांवर चालतो, त्यामुळे त्याचं प्रमाण बिघडलं की पेशीत बरंच काही एकदम हलतं.

उदाहरणार्थ मिर-21. पेशीची वाढ आवरणारं पीटेन नावाचं प्रथिन तो दाबतो. पीटेन घटलं की एमटॉर हा वाढीचा मार्ग मोकाट सुटतो. स्वादुपिंडाच्या या ट्यूमरमध्ये मिर-21 जास्त असणं आणि गाठ झपाट्याने वाढणं, यकृतात पसरणं यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. एव्हरोलिमस हे औषध याच एमटॉरला रोखतं. उलट मिर-375 स्वादुपिंडाच्या निरोगी इन्सुलिन-पेशींतही भरपूर असतो, म्हणून तो रिपोर्टमध्ये वाढलेला दिसला तरी त्यावरून घाबरू नये.

पण हे संबंध रुग्णांच्या गटांत दिसलेले आहेत. तुमच्या बाबांना कोणतं औषध द्यायचं, हे त्यावरून आज ठरत नाही. शिवाय रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी काही मायक्रोआरएनएंचे आकडे बदलतात.

डॉक्टरांना आधी की-67 विचारा, म्हणजे गाठीतल्या किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत: 3 टक्क्यांखाली ग्रेड 1 (सगळ्यात संथ), 3 ते 20 ग्रेड 2, त्याहून वर ग्रेड 3. मग डोटाटेट पेट स्कॅन. गाठींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर (ते चिकटण्याच्या जागा) आहेत का, हे त्यात कळतं आणि त्यांनाच चिकटणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन किंवा ल्युटेशियमचा किरणोत्सारी उपचार उपयोगी पडेल का, याचा अंदाज येतो. क्रोमोग्रॅनिन ए ही या ट्यूमरसाठीची रक्ततपासणी करायची असेल तर बाबा पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात का, हे नक्की सांगा. त्या गोळीने तो आकडा उगाच वाढतो.

आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) व स्लाइड लॅबमधून मागून घ्या. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर सगळ्यात आधी तेच मागतात.