टेक्सासच्या 'एसबी ४' (सिनेट बिल ४) कायद्यामुळे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला पोलीस रस्त्यात कागद विचारू शकतात का? आणि राज्य सरकारला असा कायदा करता तरी येतो का?

विचारू शकतात, पण तुम्ही ज्या कायद्याला घाबरलात त्याच्यामुळे नव्हे. टेक्सासात 'एसबी ४' नावाचे एकाहून जास्त कायदे आहेत, त्यातले दोन इथे महत्त्वाचे. प्रत्येक अधिवेशनात विधेयकांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांची खिचडी होते. मी वकील नाही, पण इथे बरीच वर्षं व्हिसावर काढली आहेत, म्हणून हे सगळं वाचावं लागलं.

गाजतोय तो २०२३ चा. गव्हर्नर ॲबट यांनी १८ डिसेंबर २०२३ ला ब्राउन्सव्हिलला त्यावर सही केली. अधिकृत नाका सोडून भलतीकडून परदेशातून टेक्सासात शिरणं हा त्याने राज्याचा गुन्हा ठरवला. पहिल्या खेपेला १८० दिवसांपर्यंत कैद, शिवाय न्यायाधीशाला 'मेक्सिकोत परत जा' असा हुकूम देण्याची मुभा. तुम्ही विमानतळावर रीतसर तपासणी होऊन आलात, म्हणजे हे प्रवेशाचं कलम तुम्हाला लागत नाही. कोर्टात या कायद्याचा झोपाळा झालाय. १९ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो लागू व्हायची वाट मोकळी केली आणि काही तासांतच पाचव्या सर्किट कोर्टाने (टेक्सास ज्याच्या हद्दीत येतं ते केंद्राचं अपील कोर्ट) तो पुन्हा अडवला. जुलै २०२५ मध्ये त्याच कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी स्थगिती कायम ठेवली, तर ऑगस्टमध्ये पूर्ण पीठाने प्रकरण नव्याने ऐकायला घेतलं. 'लागू झाला', 'रद्द झाला' असा स्क्रीनशॉट आला की आधी तारीख बघा.

तुमच्याशी संबंध येऊ शकतो तो २०१७ च्या एसबी ४ चा. कायदेशीर कारणाने थांबवलेल्या माणसाला एखाद्या पोलिसाने इमिग्रेशनबद्दल विचारलं, तर शहराने किंवा शेरीफने (काउंटीच्या पोलीसप्रमुखाने) त्या पोलिसाला मनाई करायची नाही, असं तो सांगतो. पाचव्या सर्किटने २०१८ मध्ये त्याचा बहुतेक भाग ग्राह्य धरला. म्हणजे पोलिसाला विचारायची सक्ती नाही, मुभा आहे, आणि आधी थांबवायला दुसरं कारण लागतं: वेग, सिग्नल, बंद पडलेला मागचा दिवा. नुसता चेहरा बघून थांबवता येत नाही. निदान कागदावर तरी.

आता राज्याच्या अधिकाराचं. भारतातही परकीय नागरिक आणि व्हिसा हे संघसूचीतले विषय, पण केंद्राने अधिकार राज्यांकडे सोपवल्यामुळे परदेशी माणसाला पकडायला मुंबई पोलीसच जातात. अमेरिकेत असं सरसकट सोपवलेलं नाही. १९९६ पासून '२८७-जी' नावाचं कलम आहे. त्याखाली शेरीफने केंद्राशी करार केला, तरच त्याच्या माणसांना इमिग्रेशनची ठराविक कामं करता येतात. उलट केंद्रालाही राज्याच्या पोलिसांना जबरदस्तीने कामाला जुंपता येत नाही. कॅलिफोर्नियाचा २०१७ चा मदत न करण्याचा कायदा याच तत्त्वावर तगला.

मग राज्याने स्वतःच गुन्हा ठरवला तर? ॲरिझोनाने २०१० मध्ये तेच केलं होतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या आव्हान दिलेल्या चार कलमांपैकी तीन उडवली: जवळ कागद नसणं हा राज्याचा गुन्हा, परवानगीशिवाय काम करणं हा गुन्हा, आणि हद्दपारीला पात्र दिसतो म्हणून वॉरंटशिवाय अटक. 'कागद दाखवा' हे कलम तेवढं राहिलं. टेक्सासचा २०२३ चा कायदा मला या निकालाला मुद्दाम दिलेली धडक वाटते. सुप्रीम कोर्टाच्या नव्या न्यायाधीशांकडून वेगळा निकाल काढून घ्यायचा डाव.

पण कायदेशीर राहणारी माणसं अडकतात ती बहुधा लायसन्सपाशी. ॲलाबामाने २०११ मध्ये असाच कडक कायदा केला. तो लागू झाल्यावर काही आठवड्यांतच तिथल्या टस्कलूसात भाड्याच्या गाडीतून जाणारा मर्सिडीजचा एक जर्मन अधिकारी पकडला गेला, कारण त्याच्याजवळ लायसन्स नव्हतं, नुसतं जर्मन ओळखपत्र होतं. मर्सिडीजचा कारखाना त्याच भागात, राज्याच्या अभिमानाचा विषय. सरकारची चांगलीच पंचाईत झाली.

म्हणून तुमच्या लायसन्सची तारीख बघा. त्यावर 'लिमिटेड टर्म' लिहिलं असेल, म्हणजे ते इथे राहायच्या परवानगीच्या मुदतीबरोबर संपतं. एच-१बीची मुदतवाढ अडकली, तर तुम्ही कायदेशीर राहून नोकरी करत असता आणि लायसन्स मात्र संपलेलं असतं. तेव्हा मुदतवाढीच्या अर्जाची पावती घेऊन डीपीएसच्या (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याच्या) ऑफिसात आधीच जा. आय-९४ ची, म्हणजे देशात रीतसर आल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत पाकिटात ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा, हा केंद्राचा कायदा कितीतरी जुना आहे. पोलिसाने जन्म कुठला विचारलं, तर गप्प राहायचा हक्क आहे, पण 'मी सिटिझन आहे' असं चुकूनही म्हणू नका. त्या एका खोट्यापायी पुढचं ग्रीन कार्ड कायमचं जाऊ शकतं.

आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर त्यांच्याही आय-९४ च्या प्रती काढून द्या. तो आता पासपोर्टला टाचून मिळत नाही, सरकारी साइटवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.