पाळकांच्या ऑफिससाठी हाताने बनवलेली, हसवणारी भेट काय देता येईल?

तुम्ही लिहिलंय की पाळक साहेबांना चर्चमधे नवीन ऑफिस मिळालंय, बजेट कमी आहे आणि भेट स्वतः बनवायचीय. मी नगरची, आमच्या महिला मंडळाने असंच एक केलं होतं तेच सांगते, युतुख बनवा!

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 20 वा अध्याय काढा. त्रोवस शहरात प्रेषित पौल उपदेश करताना मध्यरात्रीपर्यंत बोलतच राहिला, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगता पेंगता तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तर मेलेला, मग पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि तो जिवंत झाला. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, पौल परत वर गेला, भाकर मोडून खाल्ली आणि पहाट होईपर्यंत बोलतच बसला 😄 रविवारी लांब उपदेश करणाऱ्या कुठल्याही पाळकाला हे वाचून हसू येतंच आणि वर कोणी मेलेलं राहत नाही, म्हणून हा विनोद मला सुरक्षित वाटतो.

आम्ही जुन्या सुती साडीचे तुकडे घेऊन गोधडीसारखं धावदोऱ्याने साधारण 12 बाय 16 इंचाचं भिंतीवर टांगायचं कापड शिवलं. तीन मजल्यांचं घर, वरच्या मजल्यावर पिवळी बटणं लावली कारण त्या खोलीत पुष्कळ दिवे होते असं वचनातच आहे, आणि युतुखची बोटाएवढी बाहुली, डोळे मिटलेली, आत उशीतला कापूस. खिडकीत एक टिचबटण, खाली जमिनीवर एक, म्हणजे उपदेश किती लांबला त्याप्रमाणे त्याला वर किंवा खाली लावता येतो. वरच्या कडेला नेफा ठेवून काठी ओवली, म्हणजे गुंडाळून ठेवता येतं, आमच्याकडे सीएनआयमधे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पाळकांच्या बदल्या होतात त्यामुळे काचेची फ्रेम नकोच, सामानात फुटते.

एवढा वेळ नसेल तर बायबलमधल्या योनाला गिळणारा मासा शिवा, पोटाला चेन लावून ऑफिसच्या किल्ल्या आत. एका दुपारचं काम.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. पाळकांच्या ऑफिसमधे फक्त मीटिंग होत नाहीत, घरात मयत झालेली माणसं तिथे येऊन रडतात, नवरा-बायकोची भांडणं तिथे येतात, कोणी नोकरी गेली म्हणून प्रार्थनेला येतं. त्यामुळे समोरच्या भिंतीवर "पापी लोकांनी इथे बसावं" असलं काही लावू नका, प्रभुभोजनावर, दानपेटीवर किंवा पाळकांच्या पगारावर जोक तर नकोच नको. आम्ही कापड पाळकांच्या खुर्चीसमोर, म्हणजे येणाऱ्याच्या पाठीमागे लावायला सांगितलं, म्हणजे बोलत बसल्यावर ते फक्त त्यांनाच दिसतं. आणि देण्याआधी पाळकबाईंना एकदा दाखवा, साहेबांना काय चालतं काय लागतं ते त्यांना बरोबर माहीत असतं.

आमच्या पाळकांनी उघडलं आणि आधी अध्याय ओळखला, मग इतके हसले की चहा बाजूला ठेवावा लागला. आता संडे स्कूलची मुलं येता-जाता युतुखला खाली पाडतात आणि परत वर बसवतात, म्हणून टिचबटणाला चार टाके जास्त घाला, आमचं दोनदा निघालंय.