‘चालान मिळालंच नाही’ एवढ्यावर भागत नाही

प्रश्न : इंदूरला पलासिया चौराह्यावर पोलिसांनी थांबवून स्कूटरचा नंबर यंत्रात टाकला, तर विनाहेल्मेटची तीन जुनी ई-चालानं निघाली, ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ मधली. एकाचीही नोटीस आली नव्हती. कॅमेऱ्यानं असा नंबर टिपणं म्हणजे खासगीपणावर घाला नाही का? पैसे भरायचे का? (रामबागेतलं घर सोडून लोकमान्य नगरात आलो, आरसीवर जुनाच पत्ता आहे.)

उत्तर : अशी पत्रं सारखी येतात, आणि खरी गोष्ट दरवेळी कंसातच असते.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. तो अमर्याद नाही हेही तिथंच सांगितलं. कॅमेऱ्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६अ चा आधार आहे. निर्दोष चालकांच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या, हा प्रश्न गंभीर आहे. पण तो उच्च न्यायालयात याचिका करून लढायचा, हेल्मेटच्या चालानावर नाही. गणवेशातल्या पोलिसानं लायसन्स मागणं कलम १३० मध्ये बसतं.

तुमचं सगळं अडतं ते केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७अ वर. २०२१ मध्ये आलेल्या या नियमानुसार कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते. पाठवायची, तुमच्या हातात पडायचीच असं तो म्हणत नाही. घर बदललं की ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणं कलम ४९ नं तुमच्यावरच टाकलंय. ते तुम्ही केलं नाही. नोटीस वेळेत रामबागेच्या पत्त्यावर गेली असेल, तर ‘मिळाली नाही’ हे कोण ऐकणार?

मात्र ती निघालीच उशिरा असेल तर बाजू फिरते. म्हणून परिवहन विभागाच्या ई-चालान संकेतस्थळावर तिन्हींची घटनेची तारीख आणि चालान तयार झाल्याची तारीख शेजारी मांडून बघा, फोटोसकट छापून ठेवा. नोटीस रवाना कधी झाली, हे वाहतूक पोलिसांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. चालानासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र होतं का, तेही विचारा; नियमात ते लागतं. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट नसेल तर आणखी बरं. उशीर झाला म्हणून चालान आपोआप रद्द होतं, असं नियमात कुठं लिहिलेलं नाही. न्यायाधीश काय मानतील हे मी छातीठोक सांगणार नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत असते, पण ती लागू पडेल का हे प्रकरण न्यायालयात कधी दाखल झालं त्यावर आहे.

तारखा हातात येईपर्यंत पैसे भरू नका. भरले की प्रकरण मिटतं, मग हरकत घेता येत नाही. आणि नोटिसा वेळेत निघालेल्या दिसल्या तर मुकाट्यानं भरा. केंद्रीय कायद्यात हेल्मेटचा दंड १,००० रुपये आहे (कोर्टात न जाता प्रकरण मिटवायला भरायची तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं), आणि तेवढ्यासाठी तारीख पे तारीख कोर्टात बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.