स्वस्त कृष्णधवल १२० रोल पुन्हा मिळू लागला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : केंटमियर ही कृष्णधवल फिल्म आता १२० आकारातही, म्हणजे मोठ्या निगेटिव्हच्या रुंद रोलातही, मिळते, असे समजले. ३५ मिलिमीटरमध्ये ती कितीतरी वर्षे मिळत होती. मग तीच फिल्म रुंद कापून विकायला एवढा उशीर का झाला? आणि आता आली आहे तर टिकेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : फिल्म रुंद कापली की १२० चा रोल झाला, असे असते तर हा प्रश्न कधीच सुटला असता. ३५ मिलिमीटर फिल्मचा ॲसिटेट बेस, म्हणजे खालची पारदर्शक पट्टी, साधारण ०.१२५ मिलिमीटर जाडीचा असतो, तर १२० चा बेस ०.११० मिलिमीटर म्हणजे थोडा पातळ असतो, कारण तो कागदासह एका बारीक स्पूलवर घट्ट गुंडाळायचा असतो. त्यामुळे इमल्शन (बेसवरचा प्रकाशसंवेदी थर) तेच असले, तरी १२० साठी वेगळ्या बेसवर वेगळे कोटिंग करावे लागते. कोटिंगचे यंत्र एकदा चालू केले की फिल्म मोठ्या प्रमाणावर काढावी लागते, आणि तेवढे रोल खपतील याची खात्री असल्याशिवाय कोणताही कारखानदार ते धाडस करीत नाही.

दुसरी अडचण फिल्मच्या मागच्या कागदाची आहे. हा कागद पूर्ण प्रकाशरोधक हवा, त्याच्यावर आकडे छापलेले हवेत, आणि ती शाई महिनोन्‌महिने इमल्शनला चिकटून राहिली तरी तिचा ठसा फिल्मवर उमटता कामा नये. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या १२० रोलांच्या काही बॅचमध्ये कागदावरचे आकडे आणि अक्षरे थेट निगेटिव्हवर उमटली होती. एवढ्या जुन्या आणि जाणत्या कंपनीलाही ज्या कागदाने त्रास दिला, तो स्वस्त रोलासाठी मिळवणे किती अवघड असेल, हे यावरून लक्षात यावे.

आता थोडा मागचा हिशेब. परवडणारा १२० रोल ही एके काळी दुर्मीळ वस्तू नव्हती. हंगेरीत फोर्टे होती, ती २००७ मध्ये बंद पडली. क्रोएशियात एफ्के फिल्म बनवणारा फोटोकेमिका कारखाना होता, त्याचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल होता. गावोगावच्या स्टुडिओंतून तो वापरला जात असे आणि आमच्या पिढीतील अनेकांचे बालपणीचे फोटो त्याच्यावरच निघाले आहेत. तो कारखानाही बंद झाला. परिणामी, युरोपात स्वस्त १२० म्हटले की चेक प्रजासत्ताकातील ऱ्हादेत्स क्रालोवे येथील फोमा, एवढेच नाव प्रामुख्याने उरले होते.

केंटमियर हे नाव मूळचे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील, छपाईचा कागद बनवणाऱ्या कंपनीचे. इलफर्ड ही फिल्म बनवणारी ब्रिटिश कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचल्यावर तिथल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी ही कंपनी उभी केली, आणि या हार्मनने २००७ मध्ये केंटमियर घेतली. २००९ मध्ये केंटमियर १०० आणि ४०० (हा आकडा म्हणजे फिल्मची गती, तो जितका मोठा तितका कमी प्रकाश तिला पुरतो) या फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये आल्या, पण १२० मध्ये येण्यास २०२२ साल उजाडले. टिकण्याबद्दल मला आशा वाटते, आणि तिला एक ठोस आधार आहे : २०२५ मध्ये केंटमियर २०० आली, तेव्हा ती ३५ मिलिमीटर आणि १२० अशा दोन्ही आकारांत एकदमच आणली गेली. १२० आकार मागाहून जोडायची गोष्ट आहे, असे आता कंपनी मानत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

प्रश्न : स्वस्त फिल्ममध्ये नेमके काय कमी असते? यशिका मॅट कॅमेरा दुरुस्त करून घेतला आहे आणि नव्याने शिकतो आहे. सुरुवात चांगल्या, महाग फिल्मनेच करावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुरुवात स्वस्त फिल्मनेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यशिका मॅटसारख्या ६×६ सेंटिमीटर फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फ्रेम येतात. रोल महाग असेल तर शिकणारा माणूस प्रत्येक फ्रेमला बिचकतो. तोच विषय एक स्टॉप कमी (निम्मा प्रकाश) आणि एक स्टॉप जास्त (दुप्पट प्रकाश) देऊन पुन्हा टिपणे त्याला उधळपट्टी वाटते, आणि जे शिकायचे ते नेमके राहून जाते. एकाच फिल्मचे पुष्कळ रोल घ्यावेत, एकच डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) ठरवावा आणि निदान काही महिने दोन्ही बदलू नयेत. निगेटिव्ह पातळ का आली, दाट का आली, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

काय कमी असते, याचेही स्पष्ट उत्तर द्यायला हवे. केंटमियरमध्ये प्रखर प्रकाश बेसपर्यंत जाऊन परत उलटू नये यासाठी केलेली तजवीज इलफर्डच्या एफपी४ प्लस किंवा एचपी५ प्लस एवढी सक्षम नसते. दिवसाच्या सर्वसाधारण प्रकाशात हा फरक शोधूनही सापडत नाही. मात्र त्रिपुरी पौर्णिमेला उजळलेली दीपमाळ टिपाल, तर प्रत्येक ज्योतीभोवती एक मऊ वलय दिसेल. काहींना ते आवडते. ज्यांना नको असेल त्यांनी अशा वेळी महाग रोल वापरावा. छटांची श्रेणी आणि तीक्ष्णता या बाबतींत मात्र ही फिल्म मला कुठेही कमअस्सल वाटलेली नाही, आणि ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हवर तिचा ग्रेन (दाणेदारपणा) मध्यम आकाराच्या प्रिंटमध्ये जाणवतही नाही.

फोमाची गोष्ट निराळी आहे. फोमापॅन ४०० च्या डब्यावर ४०० लिहिलेले असले तरी नेहमीच्या डेव्हलपरमध्ये तिची खरी गती त्याहून बरीच कमी भरते, आणि अनेक अनुभवी छायाचित्रकार तिला २०० किंवा २५० धरून प्रकाश मोजतात. सावल्यांतला तपशील नाहीसा होतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवलेला असतो. दुसरे म्हणजे, लांब एक्स्पोजरला ही फिल्म लवकर मंदावते. फोमापॅन १०० साठी कंपनीचाच तक्ता सांगतो, की मीटरने १ सेकंद दाखवले तर २ सेकंद द्यावेत, आणि १० सेकंद दाखवले तर ८० सेकंद. संध्याकाळी उशिरा नदीच्या घाटावर ट्रायपॉड लावून बसणाऱ्यांनी हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. १२० ची फोमा धुताना पहिले पाणी ओताल तेव्हा ते गडद हिरवट-निळे निघेल. त्याने घाबरून जाऊ नये. तो बेसवरचा रंग आहे आणि तो निघून जाणेच अपेक्षित असते. ओल्या फोमाला बोटांमध्ये धरून पाणी निपटण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तिचे इमल्शन ओले असताना पटकन ओरखडते.

प्रश्न : वडिलांचा अॅग्फा क्लिक ३ कॅमेरा घरात आहे. त्यात हा रोल चालेल का? ४०० ची फिल्म घेतली तर घरातही फोटो काढता येतील, असे दुकानदार म्हणतो. (एक वाचक, सातारा)

उत्तर : रोल नक्की चालेल, कारण तो कॅमेरा १२० साठीच बनवलेला आहे. १९०१ मध्ये कोडॅकने ब्राउनीसाठी हा आकार आणला, आणि तेव्हाचा कॅमेरा आजचा रोल घेऊ शकतो, ही मला या आकाराची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. परंतु ४०० ची फिल्म त्यात घालू नये. क्लिकला शटरची एकच गती आहे, सुमारे १/३० सेकंद, आणि उन्हाच्या खुणेवर लेन्सचे छिद्र साधारण एफ ११ असते (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). भर उन्हात १०० गतीच्या फिल्मला एफ १६ वर १/१०० सेकंद पुरतात. म्हणजे क्लिकमध्ये १०० च्या फिल्मलाही गरजेच्या सहा-सात पट प्रकाश मिळतो. कृष्णधवल निगेटिव्ह एवढे सहन करते. ४०० च्या फिल्मला तोच प्रकाश पंचवीस पटींहून जास्त होईल, आणि निगेटिव्ह इतकी काळी येईल की तिच्यावरून छापणे किंवा स्कॅन करणे जिकिरीचे ठरेल. घरातल्या फोटोंसाठी म्हणाल, तर खोलीत विजेच्या दिव्याखाली ४०० देखील या कॅमेऱ्याला पुरत नाही. तेव्हा १०० घ्यावी आणि कॅमेरा अंगणात न्यावा.

मागच्या लाल खिडकीकडेही लक्ष द्यावे. त्या खिडकीतून कागदावरचे आकडे वाचायचे असतात, पण आजची फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असते आणि जुन्या खिडकीचा रंग बहुधा विटलेला असतो. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी, आणि रोल पुढे सरकवताना कॅमेरा अंगाच्या सावलीत धरून तेवढ्यापुरती ती उचलावी. याच कारणाने, पूर्वीचे काही स्टुडिओवाले लाल दिव्याखाली रोल धुवत असत म्हणून आपणही तसे करू नये. तो प्रकार त्या काळच्या ऑर्थो, म्हणजे लाल प्रकाशाला संवेदनशील नसलेल्या, फिल्मला चालत असे. हा रोल मिट्ट अंधारातच फिल्म धुण्याच्या झाकणबंद टाकीत चढवावा लागतो.

प्रश्न : माझ्या जुन्या कोडॅक कॅमेऱ्यावर ६२० असे लिहिलेले आहे. त्यात १२० चा रोल चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : फिल्म आणि कागद तेच आहेत, फक्त ६२० चा स्पूल बारीक असतो. जुने दोन ६२० स्पूल जपून ठेवले असतील तर अंधारात १२० चा रोल आधी एका स्पूलवर आणि मग उलट दुसऱ्यावर गुंडाळून घेता येतो. फिल्म कागदाला एका टोकालाच चिकटवलेली असते, त्यामुळे गुंडाळताना मध्ये फुगवटा येतो. तो फुगवटा हलक्या हाताने काढत पुढे जावे.

प्रश्न : रोल घरीच धुतो. उन्हाळ्यात इथे नळाचे पाणी ३० अंशांच्या वर असते आणि पाणीही दोन-तीन दिवसांआड येते. अशा परिस्थितीत काय करावे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : स्वस्त रोलाचा खरा फायदा घरी धुतल्यानेच पदरात पडतो, म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. २० अंशांचा हट्ट सोडून द्यावा. सगळी रसायने २४ अंशांवर आणावीत. जिथे २० अंशांना १० मिनिटे लागतात तिथे २४ ला सुमारे ७ पुरतात. एक मर्यादा पाळावी : डेव्हलपिंगचा वेळ ५ मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नये, नाहीतर आकाशात डाग आणि पट्टे दिसतात. वेळ फारच कमी होत असेल तर डेव्हलपर अधिक पातळ करून वापरावा. बर्फ रसायनात टाकू नये. एका मोठ्या परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात बाटल्या उभ्या कराव्यात. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) आणि शेवटचे पाणी यांच्या तापमानात फार फरक पडू देऊ नये, कारण गार रसायनातून फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर इमल्शन सुरकुतण्याची भीती असते.

पाण्याची बचत करण्यासाठी इलफर्डने सांगितलेली पद्धत उत्तम आहे आणि आपल्या दुष्काळी भागासाठीच जणू ती सुचली असावी. हायपो ओतून दिल्यावर टाकी पाण्याने भरून ५ वेळा उलटसुलट करावी, पाणी टाकून द्यावे. पुन्हा भरून १० वेळा. पुन्हा भरून २० वेळा. रोल स्वच्छ धुतला जातो आणि नळ अर्धा तास वाहता ठेवावा लागत नाही. हायपोत तुरटीसारखे इमल्शन कठीण करणारे काही मिसळलेले नसेल, तरच ही पद्धत वापरावी. शेवटच्या खळखळीला मात्र गाळलेले किंवा आरओचे पाणी घ्यावे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर निगेटिव्हवर कायमचे बसतात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण नव्याने १२० धुणाऱ्या बहुतेकांना तीच छळते. चेंजिंग बॅगेत (आत हात घालून अंधारात रोल चढवायची प्रकाशरोधक पिशवी) हात घातल्यावर काही मिनिटांत आत घामाचा ओलावा साठतो, आणि रुंद, पातळ फिल्म प्लास्टिकच्या रीळात अर्ध्यावर अडकते. मग जोर लावला की तिला चंद्रकोरीसारख्या घड्या पडतात आणि त्या निगेटिव्हवर दिसतात. रीळ आदल्या दिवशीच धुऊन पूर्ण वाळवावे, रोल पहाटे किंवा रात्री चढवावा, आणि अडकलाच तर सगळे झाकणबंद टाकीत ठेवून हात बाहेर काढावेत, पुसावेत आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात करावी. फिल्म आणि कागद जोडणारी पट्टी सावकाश सोडवावी. जोरात ओढल्यास अंधारात ठिणगी दिसते आणि तिथे फिल्म काळी पडते.

प्रश्न : मुलगी लंडनहून येताना १० रोल आणणार आहे. विमानतळावरच्या तपासणीत ते खराब होतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सामानाच्या मोठ्या बॅगेत ते अजिबात ठेवू नयेत, तिथली यंत्रे फिल्मसाठी घातक असतात. हातातल्या बॅगेसाठी असलेली जुनी एक्स-रे यंत्रे १०० ते ४०० गतीच्या फिल्मला एक-दोन वेळा चालतात, पण अनेक विमानतळांवर आता सीटी स्कॅनर आले आहेत आणि त्यांतून एकदा गेलेली फिल्मही धूसर होऊ शकते. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासण्याची नम्रपणे विनंती करावी. घरी आल्यावर रोल वेष्टनासकट हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावेत. वापरायच्या दिवशी निदान दोन तास आधी बाहेर काढावेत आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वेष्टन फाडू नये. पावसाळ्यात तर गार रोल उघडल्याबरोबर कागदावर दव धरते. फोटो काढून झालेला रोलही आठवडाभरात धुऊन टाकावा.