डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळात एकच खेळाडू जादूच्या वस्तू घालून अभेद्य झाला, तर डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. पाचव्या आवृत्तीचा खेळ, २०१४ची पुस्तकं. तुमच्या पॅलाडिनकडे (धर्मयोद्ध्याचं पात्र) प्लेट आर्मर (धातूचं जड चिलखत), ढाल, रिंग ऑफ प्रोटेक्शन (रक्षणाची अंगठी) आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन (रक्षणाचा झगा) आहे. आता लुटीत आणखी एक रिंग ऑफ प्रोटेक्शन निघाली आणि तो म्हणतोय, ही दुसऱ्या हातात घालतो. बाकीचे खेळाडू वैतागलेत. हे नियमात बसतं का आणि त्याच्या वस्तू काढून घ्याव्यात का, असं तुम्ही विचारताय.

दुसरी अंगठी बसत नाही. एकाच वस्तूच्या दोन प्रतींशी एका पात्राला अट्यून होता, म्हणजे जादू मिळावी म्हणून नातं जोडता, येत नाही, हे डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्वच्छ लिहिलंय. बोटात घालायची तर घालू दे, फायदा शून्य. अंगठी आणि क्लोक मात्र एकमेकांबरोबर चालतात, कारण त्या वेगवेगळ्या वस्तू आहेत. तिथे त्याचं बरोबर आहे आणि ते सगळ्यांसमोर मान्य करा.

आता वैताग कशाचा आहे ते आकड्यांत बघू. एसी, म्हणजे आर्मर क्लास, हा फटका मारायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा. प्लेटचा एसी १८, ढालीचे २, म्हणजे २०. अंगठी आणि क्लोकचा एकेक धरून २२. गोब्लिन या छोट्या राक्षसाला हल्ल्यात फाशाच्या आकड्यावर ४ मिळतात. एसी २० असताना त्याला वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा जास्त लागतात, म्हणजे विसात ५ वेळा फटका बसतो. एसी २२ला १८ लागतात, म्हणजे विसात ३ वेळा. नुसत्या दोन गुणांनी मार जवळजवळ निम्म्यावर आला! आणि वरच्या पातळीवर गेलात म्हणून हे आपोआप सुटत नाही. अडल्ट रेड ड्रॅगनसारख्या भयानक प्राण्यालाही हल्ल्यात १४च मिळतात. गोब्लिनपासून ड्रॅगनपर्यंतच्या अख्ख्या प्रवासात दहाच गुणांचा फरक. या आवृत्तीची बांधणीच अशी आहे की आकडे फार फुगू द्यायचे नाहीत, त्यामुळे एसीचा एकेक गुण सोन्याच्या मोलाचा.

म्हणून माझं ठाम मत आहे की डीएमने बाकी कुठल्याही नियमात ढील द्यावी, पण तीन अट्यूनमेंटच्या मर्यादेत अजिबात देऊ नये. एका वेळी तीनच वस्तू. तुमच्या पॅलाडिनच्या दोन जागा भरल्यात, एक उरलीय. उद्या त्याला फ्लेम टंग ही जळती तलवार मिळाली तर ती तिसऱ्या जागेत जाईल, आणि परवा गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर हे ताकदीचे हातमोजे सापडले तर त्याला खरोखर बसून विचार करावा लागेल की काय ठेवू, काय सोडू. आमच्या टेबलावरच्या सगळ्यात रंगलेल्या चर्चा याच जागी होतात. कुठला योद्धा स्वतःच्या रक्षणाची वस्तू उतरवून जळती तलवार हातात घेतो आणि कुठला घेत नाही, यातून ते पात्र कसं आहे हे कळतं. चौथी जागा 'फक्त या वेळेपुरती' दिलीत की ही सगळी मजा गेली.

बदल कसा होतो तेही नीट पाळा. अट्यून व्हायला एक शॉर्ट रेस्ट (पात्राची छोटी विश्रांती) लागते, तीही फक्त त्या वस्तूवर लक्ष देऊन. वस्तू काय आहे हे शॉर्ट रेस्टमध्ये ओळखलं असेल, तर त्याच रेस्टमध्ये अट्यून होता येत नाही, दुसरी घ्यावी लागते. सोडायलाही शॉर्ट रेस्ट. लढाई चालू असताना 'हे काढतो, ते घालतो' असं होत नाही. शिवाय वस्तू शंभर फुटांपेक्षा दूर चोवीस तास राहिली की नातं तुटतं, पात्र मेलं तरी तुटतं, आणि दुसरा कुणी तिच्याशी अट्यून झाला तरीही. शापित वस्तू मनाने सोडता येत नाही, आधी शाप तोडावा लागतो. आणि वस्तू ओळखायच्या आयडेंटिफाय मंत्रातही बहुतेक शाप दिसत नाहीत, हे खेळाडूंना मोहिमेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे ही मर्यादा तुमच्या मदतीला येत नाही, आणि तुमची खरी परीक्षा तिथेच आहे. एसी आणखी एकाने वाढवणाऱ्या साध्या +१ ढालीला किंवा +१ चिलखताला अट्यूनमेंट लागतच नाही. ती दोन्ही दिलीत तर हाच पॅलाडिन एसी २४वर जाईल आणि त्याची तिसरी जागा अजून रिकामीच असेल. पुस्तकातच बघा, +१ तलवार अनकॉमन (सहसा न मिळणारी) आहे आणि +१ चिलखत रेअर (दुर्मिळ). आकडा तोच, पण चिलखतावर एक पायरी वर ठेवलाय. लिहिणाऱ्यांना या धोक्याची कल्पना होती. तेव्हा अट्यूनमेंट न लागणारी एसीची वस्तू लुटीत टाकताना दहादा विचार करा.

काढून मात्र काहीही घेऊ नका. रात्री चोर आला आणि अंगठी गेली, असले प्रकार खेळाडूला लगेच कळतात आणि त्याचा विश्वास उडतो. त्याने ती वस्तू कमावलीय. एसी ज्याच्या कामाचा नाही असे प्रसंग आणा. फायरबॉल या आगीच्या मंत्राला एसी विचारत नाही कुणी, तिथे डेक्स्टेरिटीचा सेव्ह, म्हणजे चपळाईने वाचण्यासाठी टाकायचा फासा, लागतो. त्याच्या अंगठी आणि क्लोकचा एकेक गुण तिथेही मिळतो हे खरं, पण तेवढ्याने तो अभेद्य होत नाही. कुणाच्या नकळत आत शिरायचं असेल, तर प्लेट त्याला नडेल, कारण त्यात स्टेल्थला, म्हणजे लपून जाण्याला, डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे. ते ६५ पौंडांचं ओझं आहे, म्हणजे तांदळाचं तीस किलोचं पोतं अंगावर बांधल्यासारखं. रात्री छावणीवर हल्ला करा. प्लेट चढवायला दहा मिनिटं लागतात, आणि तो चिलखतात झोपलाय की नाही हे आधी विचारून ठेवलेलं असू दे. मात्र दर वेळी असं केलंत तर तीही शिक्षाच होईल. त्याने अभेद्य असण्याचा आनंदही अधूनमधून घ्यायला हवा, दहा गोब्लिन त्याच्यावर तुटून पडावेत आणि तो हसत उभा राहावा.

वजनाचा बाकी हिशेब आम्ही करत नाही. स्ट्रेंग्थ गुणिले १५ पौंड ही मर्यादा इतकी ढिली आहे की क्वचितच आड येते. बॅग ऑफ होल्डिंग ही जादूची पिशवी मिळाल्यावर तर विषयच संपतो, तिच्यात ५०० पौंड मावतात. फक्त तिच्यातून वस्तू काढायला पाळीतली मुख्य कृती, म्हणजे एक अ‍ॅक्शन जाते, तेवढं लक्षात ठेवा. औषधाच्या बाटलीचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका. २०१४च्या नियमात पोशन पिणं ही अ‍ॅक्शन आहे, २०२४च्या पुस्तकात पाळीतली जादा छोटी कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन. मला नवीन नियम जास्त आवडतो, कारण जुन्यात पाळी पिण्यातच जाते. पण कुठला घेताय ते सगळ्यांना माहीत हवं.

हे सगळं आधी ठरवा असं मी इतकं का म्हणतोय, ते मुंबईत खेळणाऱ्याला लगेच पटेल. आम्ही दादरला रविवारी बसतो. मेगाब्लॉक असला की डोंबिवली, कल्याणची मंडळी कधी पोचतील याचा नेम नसतो आणि संध्याकाळी सगळ्यांना परत निघायचं असतं. मधल्या दोन-तीन तासांतला अर्धा तास अंगठीच्या वादात गेला तर जीव हळहळतो. आम्ही कोरी कार्डं आणून ठेवलीत. प्रत्येक वस्तूचा परिणाम दोन ओळींत मराठीत लिहायचा. अट्यून झालेल्या वस्तूंची कार्डं समोर उघडी, बाकीची पालथी. तीनपेक्षा जास्त उघडी दिसली की शेजारचाच बोलतो, डीएमला तोंड उघडावं लागत नाही. मजकुरासाठी महागडी पुस्तकं घ्यायलाच हवीत असं नाही, खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. रिंग आणि क्लोक दोन्ही त्यात आहेत.

राहिला प्रश्न त्या दुसऱ्या अंगठीचा. रेअर वस्तूची किंमत २०१४च्या पुस्तकात ५०१ ते ५,००० गोल्ड धरलीय, तेव्हा विकून पार्टीचा खजिना भरता येईल. पण मी डीएम असतो तर विकायची घाई करू दिली नसती. सगळ्यात कमी एसी कुणाचा आहे ते टेबलावर मोठ्याने विचारा आणि पॅलाडिनलाच सांगा की ही अंगठी कुणाला द्यायची ते तू ठरव. विझार्डला दिली तर त्याचा कॉन्सन्ट्रेशनचा (मार बसला तरी चालू मंत्र टिकवण्याचा) सेव्हही एकाने वाढतो. एक शॉर्ट रेस्ट घेतली की काम झालं.